नदीतील कासवांच्या वसतिस्थानाची पाहणी

गोदावरी, प्रवरा, मुळा व भीमा या नद्यांच्या काठी वसलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांना कासव अपरिचित नाही. मेलेले मासे व कुजके मांस खाऊन ते डोहाचे पाणी स्वच्छ राखण्यास साहाय्य करते. मऊ पाठीच्या कासवांपैकी लीथचे कासव केवळ द्वीपकल्पीय भारतात आढळते. ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली त्याचे प्रथम वर्णन केले. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. त्याचे वसतिस्थान राखावयाचे, तर प्रथम त्याची पद्धतशीर पाहणी केली पाहिजे.

डोहात मोठे कासव दिसले म्हणजे सर्व ठीक आहे, असा समज करून घेऊ नये. कासव दीर्घायुषी असते. त्याचा निवारा डोहात असला, तरी मादी अंडी घालते ती काठावरील वाळूत किंवा मातीत. वाळू उपसली गेली की अंड्यांना जागा उरत नाही. तथापि जुनी कासवे पुढे कित्येक वर्षे दिसत राहतात. म्हणून डोह व काठ या दोहोंची पाहणी एकत्रच करावी.

ओळख : लीथच्या कासवाची पाठ सपाट व कातडी असून ती सुमारे दोन फुटांपर्यंत वाढते. पिलाच्या पाठीवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. नेहमी आढळणारे लहान कासव याहून निराळे. त्याच्या पोटाकडील कातडी झडपांखाली मागचे पाय झाकले जातात.

पाहणीची रीत : (१) घाट, पूल किंवा बंधारा अशा कायम खुणांमधील सुमारे एक किलोमीटर पात्र निवडावे.

(२) हिवाळ्यात, ऊन वर आल्यावर, काठापासून दूर अर्धा तास स्तब्ध बसावे. ऊन खाणारी कासवे व श्वासासाठी पाण्यावर येणारी नाकाडे मोजावीत. मोठी व लहान कासवे वेगळी नोंदवावीत.

(३) वाळूच्या पट्ट्याची लांबी व पाण्यापासूनची उंची पावलांनी मोजावी. धरणातून पाणी सोडल्यावर तो पट्टा बुडतो काय, हे पुन्हा जाऊन पाहावे. अंडी फार काळ पाण्याखाली राहिल्यास नासतात.

(४) वाळूउपसा, जाळी, गळ, तसेच कुत्री व मुंगूस यांनी उकरलेल्या जागा नोंदवाव्यात.

(५) मासेमारी करणाऱ्या बांधवांना स्वतंत्रपणे विचारावे. ‘येथे कासवे आहेत ना?’ असे न विचारता ‘शेवटचे कासव केव्हा व कोठे पाहिले?’ असे विचारावे.

(६) तीच जागा त्याच ऋतूत दरवर्षी पाहावी. कासव न दिसल्यास ‘शून्य’ अवश्य लिहावे. कोरी जागा व शून्य यांचा अर्थ एक नव्हे.

पाहणीसाठी कासव पकडू नये व अंडी उकरू नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कासव पकडणे व विकणे हा गुन्हा आहे. जाळ्यात कासव अडकल्यास वनखात्यास कळवावे.

तयार झालेला नकाशा ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने ग्रामसभेपुढे ठेवावा व त्याची प्रत वनखात्याकडे द्यावी. कोणता पट्टा उपशापासून राखावयाचा, हे त्यावरून ठरविता येते. पट्टा राहिला तरच पिले निपजतील. एरवी डोहातील जुन्या कासवांबरोबर त्यांचा वंशही संपेल.