सोरायसिस : प्रौढांमधील प्रमाण आणि गैरसमज

त्वचेवर लालसर चट्टे, त्यांवर चंदेरी पापुद्रे आणि पाहणाऱ्यांच्या नजरेतील तिटकारा, हे सोरायसिसच्या रुग्णाच्या वाट्याला येणारे दुहेरी दुखणे होय. हा रोग विरळा आहे आणि तो स्पर्शाने जडतो, अशी समजूत या तिटकाऱ्यामागे असते. या दोन्ही गोष्टी वस्तुस्थितीला धरून नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अहवालानुसार जगात किमान दहा कोटी लोकांना हा रोग आहे. अमेरिकेत २०११ ते २०१४ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमध्ये शेकडा सुमारे तीन रुग्ण आढळले. भारतातील विविध अभ्यासांत प्रौढांमधील प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के नोंदले गेले असून रुग्णांत पुरुषांची संख्या स्त्रियांच्या सुमारे दुप्पट आहे.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडील बहुतेक नोंदी रुग्णालयांतील आहेत. जो रुग्ण लाजेपोटी घरीच राहतो, तो गणनेत येत नाही. शेकडा एक एवढेच प्रमाण धरले, तरी लाखभर प्रौढांच्या शहरात एक हजार रुग्ण असतील.

निरोगी त्वचेतील पेशी तळापासून पृष्ठभागावर येण्यास सुमारे महिना लागतो. शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेतील बिघाडामुळे सोरायसिसमध्ये हेच कार्य चार-पाच दिवसांत उरकते व पापुद्रे साचतात. संसर्गजन्य जंतूचा येथे संबंध नसल्याने एकत्र जेवण्याने वा कपडे वापरल्याने रोग पसरत नाही. व्हिएन्ना येथील वैद्यकतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्येच सोरायसिस व कुष्ठरोग हे भिन्न असल्याचे स्पष्ट केले होते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुधा बधिरता असते; सोरायसिसमध्ये ती नसते. अर्थात कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, हे विसरू नये.

सोरायसिस समूळ नाहीसा करणारा उपाय अद्याप नाही. परंतु तो आटोक्यात ठेवता येतो. चट्ट्यांसोबत सांधे दुखत असल्यास अथवा सकाळी आखडत असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे वा एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरते. शेजाऱ्यांचे कर्तव्य त्याहून सोपे आहे : रुग्णाला आपल्या पंक्तीत बसवावे. म्हणजे तो रोग लपविणार नाही आणि वेळीच उपचारांकडे वळेल.