आधी एक टॉवेल, मग यादी

पोरी, सोलापूरचे टेरी टॉवेल परदेशी जातात तेव्हा गिऱ्हाईक मापं सेंटिमीटरमध्ये मागतं, आणि तू लगेच अख्खी यादी घेऊन लूप लिहायला बसतेस. तसं करू नकोस. आधी एकच टॉवेल घे. 30 इंच. फंक्शन लिही: इंच घ्यायचे, 2.54 ने गुणायचे, उत्तर परत द्यायचं. 76.2 आलं? आता 20 दे, 50.8 यायला हवेत. मग रिकामी जागा दे, ‘30 इंच’ असा मजकूर दे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून येणाऱ्या एक्सेलमध्ये असलं काहीही सापडू शकतं. एका मापावर फंक्शन पक्कं झालं, की मगच ते मॅपच्या हवाली कर; तो यादीतल्या प्रत्येक मापावर ते चालवतो.

देताना नुसतं नाव दे. पुढे कंस लावलास की फंक्शन तिथंच चालतं, मॅपच्या हाती फंक्शन जातच नाही.

जितकी मापं आत, तितकीच बाहेर, त्याच क्रमानं. नको ती मापं गाळायची असतील तर ते आधी फिल्टरनं उरकून घे.

पायथन 3 मधला मॅप आळशी आहे, मागितल्याशिवाय काम करत नाही. आणि एकदा सगळी उत्तरं दिली की संपला. बेरीज करून पुन्हा त्याच मॅपवरून यादी छापायला गेलीस तर कागद कोरा. दोनदा लागणार असेल तर लिस्ट करून ठेव. डेटाबेसात नोंदी करणं, मेल पाठवणं यासाठी मॅप नकोच, साधा फॉर लूप लिही.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. ‘10’, ‘10’, ‘10’ या मजकुरांच्या यादीवर मॅपला मजकुराची संख्या करणारं पार्सइंट नुसतं दिलंस तर येतं 10, नॅन (म्हणजे ‘संख्या नाही’), 2. मॅप प्रत्येक मापासोबत त्याचा क्रमांकही पुढे करतो: 0, 1, 2. पार्सइंट त्यालाच संख्येचा पाया समजतं. 0 आला की दशमान धरतं, 1 चा पाया चालत नाही, आणि द्विमानात 10 म्हणजे दोन. नॅन निदान डोळ्यांत खुपतो. तो 2 मात्र गुपचूप पॅकिंग लिस्टमध्ये जाऊन बसेल. म्हणून मध्ये एकच माप घेणारं आपलं छोटं फंक्शन ठेव.

पायथनात लिस्ट कॉम्प्रिहेन्शन वाचायला सोपं वाटलं तर खुशाल तेच वापर. पायथनचे जनक गिडो व्हॅन रोसम यांनी 2005 मध्ये मॅप भाषेतून काढायचाच विचार मांडला होता. उद्या चादरींची मापं येतील, 60 बाय 90 इंचांची. फंक्शनला हात लावू नकोस, यादी तेवढी बदल.