डब्यावर संशय शेवटी

मोटरहोमच्या मागे जोडलेल्या गाडीचा ब्रेक नीट लागत नाही म्हणून तू ब्रेकचं पेडल दांड्याने दाबणारा नवा डबाच मागवायला निघाला आहेस, असं ताई फोनवर सांगत होती. जरा दम धर. हजारभर डॉलरचा तो डबा सहसा सगळ्यात शेवटी बिघडतो. त्याच्या आधी बिघडतात वायरी, फ्यूज, अर्थिंग आणि आपण घाईत केलेली जोडणी. म्हणून संशय बाहेरून सुरू करायचा आणि आत आत जायचं.

तुझी २०१४ची होंडा सीआर-व्ही चारही चाकांवर ओढता येते. (२०१५ला सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती सोय गेली, म्हणून मोटरहोमवाल्यांत जुन्या सीआर-व्हीला अजून भाव आहे.) पण ती दीड टनाची वस्तू आहे. तू ब्रेक मारलास की ती तुला मागून रेटते. अनेक राज्यांत ३००० पौंडांवरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागतो. ओढलेली मोटार ट्रेलरमध्ये धरायची की नाही, यावर तावातावाने बोलणारी मंडळी कुठल्याही कॅम्पग्राउंडवर भेटतील. त्यांच्यात बसू नकोस, ब्रेक दुरुस्त कर.

आधी वीज बघ. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून तू किल्ली अ‍ॅक्सेसरीवर ठेवतोस, वर डबाही त्याच बॅटरीवर चालतो, आणि इंजिन तर बंद. सकाळी ब्रेक झकास आणि दुपारच्या जेवणानंतर मेलेला, अशी तक्रार असेल तर डब्याचा काही दोष नाही, बॅटरी उतरली आहे. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. मात्र हे मोजमाप डबा पेडल दाबत असताना घे, कारण काही काम नसताना थकलेली बॅटरीसुद्धा आकडा चांगला दाखवते. उपाय स्वस्त आहे. मोटरहोमकडून चार्जिंगची एक वेगळी वायर, मध्ये फ्यूज घालून, मागे आणायची. काही जण बॅटरी वाचवायला अ‍ॅक्सेसरीचा फ्यूजच काढून ठेवतात. डब्याचं सॉकेट त्याच फ्यूजवर असेल तर डबा दिवसभर उपाशी. आणि लायटरच्या सॉकेटातला तो प्लग हादऱ्यांनी सैल होतो, तोही एकदा दाबून बघ.

मग अर्थिंग. इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही मिणमिणतो, किंवा दिवे मंद लागतात, असं दिसलं की दुसरीकडे बघूच नकोस. तुम्ही ओहायोत राहता, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं आणि ते बरोबर अर्थिंगच्या बोल्टवर जाऊन बसतं. पत्रा चकचकीत होईपर्यंत घास, बोल्ट आवळ, वरून ग्रीस लाव. दोन गाड्यांमधल्या केबलच्या प्लगमध्ये हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर तेही साफ कर. दिवे ठीक नसतील तर ब्रेकही ठीक नसणार, कारण बऱ्याच यंत्रणा ब्रेकच्या दिव्याच्या वायरीवरूनच इशारा घेतात.

आता पेडल. इथे बहुतेक जण चकतात. इंजिन बंद केलं तरी ब्रेकच्या बूस्टरमध्ये थोडा व्हॅक्यूम उरतो. पहिल्या एक-दोन दाबांना पेडल मऊ लागतं, नंतर दगडासारखं घट्ट. तुझ्याकडे आहे तसा उचलून ठेवायचा डबा या घट्ट पेडलच्या हिशेबाने जोर लावतो. व्हॅक्यूम तसाच ठेवून निघालास तर पहिल्या सिग्नलला मागच्या गाडीची चाकं जागीच आवळतात आणि टायर घासून सपाट होतात. म्हणून गाडी जोडून झाली, इंजिन बंद केलं, की पेडल घट्ट होईपर्यंत पायाने दाबायचं आणि मगच डबा बसवायचा. होंडाच्या पुस्तिकेप्रमाणे दिवसात आठ तासांहून जास्त ओढायचं झालं तर इंजिन चालू करून ओढण्याआधीचा गिअरचा सगळा सोपस्कार पुन्हा करावा लागतो. तेव्हा बूस्टर परत भरतो. म्हणजे पेडल पुन्हा दाबायचं. काही कायम बसवलेल्या यंत्रणा व्हॅक्यूम स्वतःच तयार करतात, त्यांना हे लागू नाही. पुढेमागे हायब्रिड घेतलीस तर तिथे गाडी चालू अवस्थेत असताना पेडल कायमच हलकं असतं. त्यासाठी डब्याची सेटिंग वेगळी असते, ती तपासून घे.

डब्याखालची चटई काढून टाक. सीट पुढे घे, इतपत की डबा हलणार नाही, पण पेडलवर रेलणारही नाही. खात्री करायची असेल तर सूनबाईंना मागे उभं कर. तू काहीही केलेलं नसताना ब्रेकचे दिवे लागलेले असतील तर डबा पेडलवर टेकून बसला आहे.

माझं मत विचारशील तर न लागणाऱ्या ब्रेकपेक्षा न सुटणारा ब्रेक वाईट. मोटरहोमचं इंजिन इतकं दांडगं की मागची गाडी ब्रेक धरून फरफटत येते आहे हे आपल्याला कळतसुद्धा नाही. कळतं ते धूर दिसल्यावर. दर थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही चाकं बघत जा. पुढची जोडी मागच्यापेक्षा थोडी गरम असणारच. एकच चाक फार तापलं असेल तर त्या चाकाचा कॅलिपर अडकला आहे, म्हणजे दुखणं गाडीचं आहे. चारही तापली असतील तर पेडल दाबलेलं राहतंय. तेव्हा डब्याची सेन्सिटिव्हिटी कमी कर. ती जास्त असेल तर रस्त्यातला खड्डाही त्याला ब्रेक वाटतो.

उतारावर असे तापलेले ब्रेक फार महाग पडतात. कोलोरॅडोत आय-७०वर आयझेनहॉवर बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना, अकरा हजार फुटांवरून, ब्रेक फेल झालेल्या ट्रकांसाठी बाजूला रॅम्प बांधून ठेवलेत. ते उगाच नाहीत. आपल्या कसारा घाटातले जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. तिथेही तेच कर. पण इंजिनने वेग रोखला की तेवढ्यानेही डब्यातला, वेगातली घट ओळखणारा सेन्सर फसू शकतो. पुढे डिझेल मोटरहोम घेतलीस तर आणखी एक गोम आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेक लावला की ब्रेकचे दिवे लागतात. मागची यंत्रणा नुसत्या दिव्यांवर विसंबणारी असेल तर ती अख्खा घाट पेडल दाबून धरते. दिवा आणि वेगातली घट, दोन्ही जुळल्यावरच दाबणाऱ्या यंत्रणाही मिळतात.

मोटरहोमच्या डॅशबोर्डवरचा, मागच्या ब्रेकची खबर देणारा तो लहान दिवा नेमकं काय सांगतो, हे पुस्तिकेत वाचून ठेव. काही दिवे म्हणतात ‘इशारा पाठवला’, काही म्हणतात ‘पेडल दाबलं गेलं’. दोन्हींत फार अंतर आहे.

मागची गाडी सुटलीच तर तिचा ब्रेक लावणारी ब्रेकअवेची पिन केबलने मोटरहोमच्या चासीला बांध, टो बारला नको. टो बारच सुटला तर पिनही त्याच्याबरोबर जाईल. केबल वळणावर ओढली जाऊ नये, पण रस्त्यावर लोळूही नये. निघण्याआधी पिन उपसून बघ, पेडल खाली गेलं पाहिजे. लगेच परत लाव, नाहीतर बॅटरी संपेल. यंत्रणा हवेवर चालणारी असेल तर जोडांवर साबणाचं पाणी टाक, बुडबुडे आले की गळती सापडली.

हे सगळं झाल्यावर डबा गाडीतून बाहेर काढ, चांगल्या बॅटरीला जोड आणि टेस्टचं बटण दाब. तरीही दांडा हलला नाही तर मात्र डबाच गेला. तो उघडत बसू नकोस, कंपनीकडे पाठव. आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत सीआर-व्ही ओढायची नाही. सूनबाई ती मागून चालवत आणतील.