मळवलीची लोकल आणि दोन वह्या

मावळातल्या भाजे गावातला एक मुलगा 2010 साली पुण्यातल्या एका महाविद्यालयात एफ.वाय.बी.ए.ला गेला. सकाळी मळवली स्टेशनवर लोकल पकडायची, शिवाजीनगरला उतरायचं, दुपारी परत. पिशवीत दोन जाड वह्या असत. निळ्या पुठ्ठ्याची अर्थशास्त्राची, लाल पुठ्ठ्याची राज्यशास्त्राची. तीन वर्षांत निळ्या वहीतलं एक वाक्यही लाल वहीत गेलं नाही. तो मुलगा म्हणजे प्रस्तुत लेखक. हे दोन विषय जोडीने घेणाऱ्या मावळातल्या मुलामुलींची तीन वर्षं तशी जाऊ नयेत, म्हणून ही हकीकत.

विषय निवडताना त्याने पाहिलं ते एवढंच: दोन्हींच्या नोट्स मराठीत मिळतात, दोन्ही विषय स्पर्धा परीक्षेला चालतात आणि गणित सुटतं. घरात कॉलेजला जाणारा तो पहिलाच, त्यामुळे विचारायचं कोणाला हाही प्रश्न होता. अर्थशास्त्र स्पेशल, राज्यशास्त्र जनरल असा फॉर्म भरून तो मोकळा झाला.

9 ऑगस्ट 2011 रोजी तो एस.वाय.ला होता. त्या दिवशी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ शेतकऱ्यांनी रास्ता रोको केला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याला त्यांचा विरोध होता. तोवर धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाई आणि शहर ते तिथून उचले. वाटेतली गावं त्याच नदीवर मोटारी लावून शेती भिजवत. पाणी नळात बंद झालं तर नदीत काय उरणार, ही त्यांची भीती. शिवाय धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचं जुनं दुखणं होतंच. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. त्यांत एक बाई होत्या.

सगळं मावळ हादरलं. तोही रडला. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन वह्या घेऊन लोकलमध्ये बसला. निळ्या वहीत मागणीची लवचीकता होती, लाल वहीत 73वी घटनादुरुस्ती. बऊरला जे घडलं त्यात पाण्याची किंमत होती, शहराची गरज होती, शेतकऱ्याचं नुकसान होतं, महापालिका होती, ग्रामसभा होती, पोलीस होते. दोन्ही विषयांचा अख्खा अभ्यासक्रम गावापासून थोड्या अंतरावर रस्त्यावर उभा होता. त्याला तो दिसला नाही. आजही त्याला सगळ्यात जास्त खंत वाटते ती याची.

टी.वाय.ला प्रथम वर्ग मिळाला. गाइडमधली उत्तरं पाठ होती, ती पेपरात उतरली. मग एम.ए.च्या दोन ठिकाणच्या प्रवेश परीक्षा दिल्या. पहिल्या ठिकाणी अर्थशास्त्राचा पेपर हातात आला तेव्हा निम्म्याहून अधिक प्रश्न विकलनाचे आणि संभाव्यतेचे होते. तो पेपर बराचसा कोराच राहिला. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत होती. गाव विचारलं, त्याने भाजे सांगितलं. समोरच्या बाईंनी सरळ प्रश्न केला, “पवनेचं पाणी नळाने शहरात नेलं तर त्याची किंमत कोण मोजतं? आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाला?” त्याने सार्वजनिक वस्तूची व्याख्या सांगितली. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “व्याख्या नको, पवनेबद्दल सांगा.” त्याला एक वाक्यही सांगता आलं नाही.

ते वर्ष गेलं. पण त्या वर्षात त्याने अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आणून सोडवली आणि डॉ. आंबेडकर वाचायला घेतले.

बाबासाहेब 1912 साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले ते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र याच विषयांत. म्हणजे ही जोडी आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. 1918 साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे नुसते एकत्र करून प्रश्न सुटणार नाही, धारणक्षेत्र किती पुरेसं हे भांडवल आणि श्रम यांच्यावरही अवलंबून असतं आणि शेतीवर साचलेली माणसं उद्योगात जायला हवीत, असं त्यांनी मांडलं. हे झालं अर्थशास्त्र. 1937 साली त्यांनीच मुंबईच्या विधिमंडळात खोती ही जमीनदारी पद्धत नष्ट करण्याचं विधेयक आणलं. हे झालं राज्यशास्त्र. 1925 सालचं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक तर असं आहे की ते कोणत्या विषयाच्या कपाटात ठेवावं, हे ग्रंथपालालाही ठरवता येऊ नये. केंद्राच्या हातातली तिजोरी प्रांतांकडे कशी आणि किती सरकली, याचा तो इतिहास आहे. तळेगाव दाभाड्यात बाबासाहेबांचं निवासस्थान आहे. तीन वर्षं लेखकाची लोकल रोज तळेगावला थांबत होती.

पुण्यात 1930 साली सुरू झालेल्या गोखले इन्स्टिट्यूटच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र दोन्ही आहेत. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची याचं 1969 सालचं सूत्र त्यांच्याच नावाने ओळखलं जातं: 60 टक्के लोकसंख्येवर, उरलेले दहा-दहा टक्के कमी दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर. आकडेमोड पाचवीच्या मुलालाही जमेल. पण लोकसंख्येला साठच का, याचं उत्तर द्यायचं तर राज्यांमधली ओढाताण ठाऊक हवी.

तेव्हा ही जोडी घेणाऱ्यांना लेखकाचं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं गणिताचं. अकरावीला कला शाखेतही गणित घेता येत असेल तर घ्या. नसेल मिळत तर घरी करा. विकलन, संभाव्यता, सरासरी-विचलन एवढं तरी रोज अर्धा तास. आयआयटीच्या जॅम परीक्षेत 2021 पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे, त्यात गणित आणि संख्याशास्त्र येतंच. अर्थशास्त्रात एम.ए. करायचं नाही असं आज वाटत असलं, तरी बाविसाव्या वर्षी मन बदलतं आणि तेव्हा ते दार बंद असलं की फार लागतं.

नव्या शैक्षणिक धोरणात स्पेशल-जनरलऐवजी मेजर आणि मायनर आले आहेत. प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन तीनही वर्षांचा छापील अभ्यासक्रम मागा. तुम्हाला हवी ती जोडी तिसऱ्या वर्षापर्यंत टिकते का, संख्याशास्त्राचे श्रेयांक घेता येतात का, हे तिथल्याच वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. यूपीएससीला वैकल्पिक विषय एकच असतो, त्यामुळे ‘दोन्ही विषय तिथे कामी येतील’ या हिशेबावर जोडी घेऊ नका.

आणि वही एकच ठेवा. गावातला एक प्रश्न घ्या आणि तीन वर्षं तो दोन्ही विषयांतून वाचत राहा. भाज्यासमोर इंद्रायणीच्या पलीकडे कार्ल्याची लेणी आहेत. तिथल्या एका शिलालेखात नहपानाचा जावई ऋषभदत्त याने भिक्षूंना करजिक नावाचं गाव दिल्याची नोंद आहे. सत्ता बदलली, तेव्हा त्याच गावाबद्दल सातवाहन राजाने मामाल इथल्या अमात्याला पाठवलेली आज्ञाही तिथेच कोरलेली आहे. मामाल म्हणजे आपलं मावळ. राजा बदलला की गावाचं उत्पन्न कोणाचं, हा प्रश्न इथे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहिला गेला आहे. शाळेच्या सहलीत लेखकाने तिथे फक्त फोटो काढून घेतले होते.

हल्ली रविवारी परिसरातली काही मुलं त्याच्या ओसरीवर जमतात. यंदा एफ.वाय.ला असलेल्या एका मुलीने प्रश्न निवडला आहे तो बंगल्यांचा. शनिवार-रविवारी भाड्याने जाणारे बंगले घर म्हणून पट्टी भरतात की धंदा म्हणून, दर कोण ठरवतं आणि जमा रकमेतून गावाच्या पाण्यावर किती खर्च होतो? नमुना 8 ची, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीची, नक्कल मिळावी म्हणून तिने ग्रामपंचायतीकडे अर्ज लिहिला आहे. लेखकाने तो वाचून दिला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. सोमवारी मळवलीला जायच्या आधी ती तो देणार आहे.