दाबलेली हवा आणि चोवीस तास

फ्रान्समधील ले मां येथील मोटार-शर्यत चोवीस तास चालते. तेथे वेगाइतकीच टिकाऊपणाची परीक्षा होते. १९७४ साली पोर्शे कंपनीने तेथे टर्बोचार्जरयुक्त ९११ उतरवली. इंजिनातून बाहेर पडणारा, एरवी वाया जाणारा तप्त वायू त्यात एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जळते आणि शक्ती वाढते.

हा लाभ नियमकर्त्यांनी जाणला होता. कमाल मर्यादा तीन लिटर, आणि टर्बो इंजिनाची क्षमता १.४ ने गुणून मोजायची. ३००० ला १.४ ने भागावे, म्हणजे हे इंजिन २१४२ घनसेंटिमीटरचेच का, ते कळते. शाळकरी भागाकारातून अख्खे इंजिन निघावे, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते.

दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून ती आधी इंटरकूलरमध्ये थंड करावी लागे. चक्राला वेग घेण्यास क्षणभर लागे, त्यामुळे चालकाने वळण संपण्यापूर्वीच ॲक्सिलरेटर दाबायचा!

त्या वर्षी गिअरबॉक्स बिघडला, तरी गाडी दुसरी आली. १९७६ साली तेवढ्याच क्षमतेचे टर्बो इंजिन लावलेली ९३६ जिंकली. टर्बो गाडीचा तेथील तो पहिला विजय. चालक होते जॅकी इक्स आणि व्हॅन लेनेप. यांतले व्हॅन लेनेप १९७४ च्या गाडीतही होते.