धमकीची दखल : उद्योगांची पद्धत आणि रुग्णालयाचे कर्तव्य



मार्च २०१७ मध्ये धुळे येथील शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरांना झालेल्या मारहाणीत त्यांच्या डोळ्यास गंभीर इजा झाली. पाठोपाठ राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि त्याची झळ रुग्णांनाच पोहोचली. म्हणूनच धमकीच्या पातळीवर काय करावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मोठ्या कंपन्यांत धमकीची चौकशी एकट्या वरिष्ठावर सोपवीत नाहीत. मनुष्यबळ, सुरक्षा व विधी विभागांचे अधिकारी आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ एकत्र बसतात. त्यांच्या कामाचा क्रम साधारणतः असा असतो :

१) उच्चारलेले नेमके शब्द, वेळ व साक्षीदार यांची त्याच दिवशी लेखी नोंद, संदेश व कॅमेऱ्यातील चित्रण यांचे जतन.

२) तक्रारदार व संबंधित व्यक्ती यांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकणे.

३) धोक्याचे मूल्यमापन. रागाच्या भरात बोलणारा प्रत्येकजण घातक नसतो आणि घातक ठरणारा प्रत्येकजण आधी बोलून दाखवतोच असे नाही. म्हणून शब्दांपेक्षा वर्तन, पूर्वेतिहास आणि शस्त्राची उपलब्धता यांना अधिक महत्त्व दिले जाते.

४) समज, बदली, निलंबन किंवा पोलिसांत फिर्याद, अशी प्रमाणशीर कारवाई आणि तक्रारदारास संरक्षण.

रुग्णालयापुढील प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. कंपनी कर्मचाऱ्यास दूर करू शकते. नातेवाईक धमकावतो म्हणून रुग्णाचे उपचार थांबविणे आम्हांस शक्य नाही. कारवाई व्यक्तीवर आणि सेवा रुग्णाची, हा भेद आम्ही कटाक्षाने पाळला पाहिजे. वैद्यकीय सेवेच्या संरक्षणासाठीच्या महाराष्ट्राच्या २०१० च्या अधिनियमात धाकदपटशाचाही हिंसेत समावेश आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तथापि, केवळ कायद्याने संताप शमत नाही. पुष्कळदा तो अपुऱ्या माहितीतून व खर्चाच्या चिंतेतून उद्भवतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. ही माहिती दाखल होतानाच दिली गेली, तर धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाचा मोठा भार हलका होतो.

आप्तेष्टांनी आपली शंका वा तक्रार निःसंकोचपणे प्रशासन कार्यालयात मांडावी, ही नम्र विनंती. देणगीदारांनी सुरक्षाव्यवस्थेइतकेच समुपदेशकाच्या नेमणुकीसही साहाय्य करावे. ज्यास वेळीच उत्तर मिळते, त्यास आवाज चढविण्याचे कारण सहसा उरत नाही.