भूमिती आणि मुद्राक्षर

वर्तुळ, चौकोन व सरळ रेषा यांवर बेतलेल्या आणि टोकांना शोभेच्या बारीक रेषा नसलेल्या मुद्राक्षरांच्या वळणास भौमितिक वळण म्हणतात. पॉल रेनर यांनी आखलेले 'फ्यूचुरा' हे या प्रकारचे प्रसिद्ध रोमन वळण जर्मनीतील बाउअर ओतशाळेने १९२७ साली प्रचारात आणले.

अशी अक्षरे केवळ कंपास व पट्टी यांनी साधतील असे वाटणे साहजिक आहे. परंतु डोळ्याचे माप वेगळे असते. समान उंचीचे वर्तुळ चौकोनाशेजारी लहान भासते. म्हणून गोल अक्षर किंचित मोठे काढावे लागते. समान जाडीची आडवी रेघ उभीपेक्षा जाड दिसते. दोन रेघांच्या सांध्यावर काळा डाग भासतो. तेथे रेघ बारीक करतात.

देवनागरीत हे काम अधिक बिकट होते. 'ठ'मध्ये वर्तुळ सहज बसते; 'क्ष' किंवा 'ज्ञ' यांत बसत नाही. 'इंडियन टाइप फाउंड्री'ने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या 'पॉपिन्स' या वळणात निनाद काळे यांनी देवनागरी, तर जॉनी पिनहॉर्न यांनी रोमन अक्षरे आखली. त्यात देवनागरी अक्षराची उंची रोमन लिपीतील उंच दांड्याइतकी असून मोठी रोमन अक्षरे तिच्याहून ठेंगणी आहेत. त्यामुळे दोन्ही लिप्या एका ओळीत समतोल दिसतात.

पाट्या व मथळे यांना हे वळण शोभते. मात्र भूमितीच्या आग्रहाने 'व' व 'ब' किंवा 'घ' व 'ध' यांतील भेद पुसट झाला, तर वाचक अडखळतो. अक्षराची खरी कसोटी कंपास नव्हे, वाचन होय.